60 फुटांवरून 90 फुटांवर: मोठ्या बेसबॉल मैदानावर जाणाऱ्या मुलांची तयारी

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या मेजर्स गटात एका बेसपासून दुसरा बेस 60 फुटांवर असतो आणि पिचर 46 फुटांवरून चेंडू टाकतो. तोच मुलगा तेरा वर्षांचा झाला की ज्युनियर गटात जातो. तिथे बेस 90 फुटांवर आणि पिचरचं रबर, म्हणजे ज्या पट्टीवर पाय ठेवून तो चेंडू टाकतो ती, 60 फूट 6 इंचांवर. टीव्हीवर दिसणाऱ्या मेजर लीगच्या व्यावसायिक खेळाडूंनाही नेमकं एवढंच अंतर असतं. चार बेसच्या आतली जागा 3,600 चौरस फुटांवरून 8,100 चौरस फुटांवर जाते, म्हणजे सव्वादोन पट. राखायला माणसं मात्र तीच नऊ, आणि त्यातल्या निम्म्यांचा अजून आवाजही फुटलेला नसतो.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटजवळ राहते. आधी स्कोअर लिहायला मैदानावर जायचे, मग मदतनीस कोच झाले आणि आता तेरा-चौदाच्या मुलांचा संघ सांभाळते. मराठी घरातली पोरं मैदानावर मला कोच म्हणतात आणि गाडीत बसली की मावशी. दर वसंतात एखादी आई किंवा बाबा मला बाजूला घेऊन विचारतात, "गेल्या वर्षी इतका छान खेळत होता, या वर्षी काय झालं?" त्याला काहीही झालेलं नसतं. मैदान एका दिवसात वाढलेलं असतं आणि मुलाला तेवढं वाढायला दोन वर्षं लागणार असतात. मधल्या काळात दंडाच्या जोरावर अंतर भरून काढायला लावायचं नाही. पाय, टप्पा आणि डोकं वापरायला शिकवायचं. माझं सगळं कोचिंग याच एका गोष्टीवर उभं आहे.

मधली पायरी असेल तर ती सोडू नका

60 वरून थेट 90 वर उडी घ्यायलाच हवी असं नाही. लिटल लीगमध्ये 11 ते 13 वयासाठी इंटरमीडिएट गट आहे: पिचर 50 फुटांवर, बेस 70 फुटांवर. या गटाची पहिली जागतिक स्पर्धा 2013 मध्ये आमच्या इथून जवळच, लिव्हरमोरच्या मॅक्स बेअर पार्कात झाली. पोनी लीग या दुसऱ्या संघटनेत 13-14 च्या मुलांना 54 आणि 80 फूट मिळतात. तुमच्या गावात यातलं काहीही असेल तर बारकुड्या मुलाला आधी तिथे एक हंगाम खेळू द्या. "माझा मुलगा मोठ्या मैदानावर खेळतो" हे सांगण्यात जी मजा आहे ती आईबापांची असते.

ते नसेल तर फॉल सीझन, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, ही मधली पायरी. बऱ्याच लीगमध्ये बारा पूर्ण झालेल्या मुलांना तेव्हा मोठं मैदान मिळतं आणि निकालाचं फारसं कुणाला काही नसतं. आपल्याकडे नेमके तेच दिवस गणपती, नवरात्र आणि दिवाळीचे. मंडळाच्या कार्यक्रमांनी शनिवार भरलेले असतात. तरी निम्मे सामने तरी खेळवाच. फॉलमध्ये मोठं मैदान पायाखालून गेलेलं मूल वसंतात वेगळं दिसतं.

फेक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं याच्यावर अवलंबून आहे.

छोट्या मैदानावर तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंतचं अंतर सुमारे 85 फूट होतं. आता ते 127 फूट 3 इंच आहे. मूल काय करतं? चेंडू उचलतं, मागे कलतं आणि आभाळाकडे बघून फेकतं. चेंडू मोठी कमान घेऊन जातो, पोचेपर्यंत धावणारा बेसवर असतो आणि कोपरावर सगळा भार येतो. बाहेरून आईबाप ओरडतात, "जोरात फेक!" हा या मैदानावरचा सगळ्यात वाईट सल्ला आहे.

त्याऐवजी एक टप्पा शिकवा. क्रिकेट बघितलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: सीमारेषेवरून कीपरच्या हातात येणारी एकटप्पी फेक बहुतेक वेळा कमानी फेकीच्या आधी पोचते. इथेही तेच. पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्याकडे न बघता त्याच्या पुढे दहा-बारा फुटांवरच्या जमिनीकडे बघून सपाट फेकायचं. चेंडू एकदा जमिनीला लागून कमरेपर्यंत येतो. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना टप्पा पडलेली फेक म्हणजे चूक वाटते. लहानपणापासून त्यांना तेच सांगितलेलं असतं. म्हणून कोचने मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायला लागतं की या वर्षी एक टप्पा ही चांगली फेक आहे आणि आपण तिचं कौतुक करणार आहोत. पहिल्या दोन आठवड्यांत मी टप्प्याशिवाय मोठी फेक करूच देत नाही.

यासाठी पहिल्या बेसवरच्या मुलाची वेगळी तयारी लागते. त्याच्यासाठी एक अख्खा सराव राखून ठेवा. वीस फुटांवरून त्याला टप्पे द्या: लांब टप्पा, अगदी पायाजवळचा टप्पा, आणि सगळ्यात अवघड तो मधला, जो गुडघ्याच्या खाली वाटेल तसा उडतो. मधला टप्पा आला की ग्लोव्ह पुढे ढकलून तो छोटा करायचा किंवा मागे सरून लांब करायचा. हे जमलं की सगळ्या इनफील्डला, म्हणजे बेसजवळच्या खेळाडूंना, धीर येतो, कारण फेक थोडी चुकली तरी पलीकडे कुणीतरी सांभाळून घेईल हे त्यांना कळलेलं असतं.

आता पाय. चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यावर मुलं जिथल्या तिथे उभी राहून फेकतात. छोट्या मैदानावर ते चालून जायचं. आता उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा पाय डाव्याच्या पुढून लक्ष्याच्या दिशेने टाकायचा, मग डावा, मग फेक. वजन पुढे सरकत असतानाच हात आला पाहिजे. आउटफील्डरसाठी, म्हणजे मागच्या गवतावरच्या खेळाडूसाठी, हीच गोष्ट छोट्या उडीसह करायची. तिला क्रो हॉप म्हणतात. सरावात आधी चेंडू न देता नुसते पाय करून घ्या. मुलांना कंटाळा येतो, तरी करून घ्या.

अंतर कसं वाढवायचं याचा माझा नियम साधा आहे. मोजपट्टी घेऊन मी 60, 75, 90 आणि 110 फुटांवर शंकू ठेवते. प्रत्येक जोडी 60 वर सुरू करते आणि चेंडू सपाट जातोय तोवर मागे सरकते. कमान दिसली की दहा फूट पुढे यायचं. कोण किती लांब पोचला हे मी कुठेही लिहून ठेवत नाही आणि विचारूही देत नाही. स्पर्धा लागली की सगळे आभाळात फेकायला लागतात.

आणखी एक बारकावा, जो फार थोडे कोच बघतात. मोठ्या मैदानावर मातीची कड, जिथे आउटफील्डचं गवत सुरू होतं, ती पिचरच्या रबरापासून 95 फुटांवर असते. मेजर लीगचे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले खेळाडू, त्या कडेवर उभे राहतात, म्हणून पोरंही तिथेच जाऊन उभी राहतात. मग घरंगळत येणारा चेंडू पोचायला वेळ आणि तिथून फेकायला अंतर, दोन्हीकडून नुकसान. त्यांना पुढे आणा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसला जोडणाऱ्या रेषेच्या दोन-तीन पावलं मागे. एखादा चेंडू बाजूने निघून जाईल. त्याच्या दुप्पट धावपटू पहिल्या बेसवर बाद होतील.

आउटफील्डमधून थेट होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा असतो तिकडे, कुणीही फेकायचं नाही, हा नियमच करून टाका. फेक कटऑफच्या, म्हणजे मधे उभा राहून ती पुढे पोचवणाऱ्या खेळाडूच्या, छातीवर, आणि चेंडू पार मागे गेला असेल तर एकाऐवजी दोघे जण मधे जातील. दोन छोट्या नेमक्या फेकी एका मोठ्या फेकीपेक्षा लवकर पोचतात. संघाचे दोन गट करून घड्याळ लावून दाखवा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं वाद घालत नाहीत.

पिचर

साधा हिशेब करून बघा. ताशी 60 मैल वेगाचा चेंडू 46 फूट जायला साधारण अर्धा सेकंद घेतो आणि 60 फूट 6 इंच जायला जवळपास 0.7 सेकंद. या जास्तीच्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे तीन फूट आणखी खाली ओढतं. म्हणून गेल्या वर्षी कमरेच्या उंचीवर स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरून योग्य उंचीने जाणारा चेंडू, टाकणाऱ्या मुलाचे चेंडू या वर्षी प्लेटच्या अलीकडे मातीत पडतात. त्याचा नेम बिघडलेला नसतो. हे त्याला कागदावर आकडे मांडून दाखवा. तेरा वर्षांच्या मुलाला हे गणित येतं आणि ते कळल्यावर त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

उपाय म्हणजे सावकाश मागे जाणं. 46, मग 50, 54, 57 आणि शेवटी पूर्ण अंतर. प्रत्येक ठिकाणी खालच्या पट्ट्यात चेंडू पडायला लागला की पुढची पायरी. माउंड, म्हणजे पिचरच्या पायाखालचा मातीचा उंचवटा, तोही बदललेला असतो, छोट्या मैदानावर सहा इंच उंच आणि इथे दहा इंच. उतार जास्त असल्यामुळे पुढचा पाय उशिरा टेकतो आणि हात मागे रेंगाळतो. म्हणून आधी सपाट जमिनीवर, मग माउंडवर. मागे कलून चेंडू उंच ढकलायची सवय दिसली की त्या दिवसाचं पिचिंग तिथेच थांबवा.

कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, टाकायची घाई नको. चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू, शिकवा. पकड बदलायची, हात तोच. 60 फुटांवर चेंजअप जेवढा फसवतो तेवढा 46 फुटांवर कधीच फसवत नव्हता, कारण आता वेगातला फरक दिसायला अंतर मिळतं.

चेंडूंची मोजणी हा विषय मी अजिबात हलका घेत नाही. लिटल लीगचा नियम 11-12 वयाला दिवसाला 85 आणि 13 ते 16 ला 95 चेंडू असा आहे. अंतर वाढलं त्याच वर्षी मर्यादाही वाढते, आणि काही कोच 95 हा आकडा गाठायचा असल्यासारखे वागतात. माझ्या संघात पहिल्या महिन्यात कुणीही 45 च्या पुढे जात नाही. चौदापर्यंतच्या मुलाने 66 किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती सक्तीची आहे. 41 किंवा जास्त टाकले तर त्याला त्या दिवशी कॅचर (प्लेटमागचा कीपर) म्हणून बसवता येत नाही. मूल दोन संघांत खेळत असेल, एक लीगचा आणि एक गावोगावी स्पर्धा खेळणारा, तर दोन्हीकडचे कोच आपापली मोजणी ठेवतात आणि बेरीज कुणीच करत नाही. ती बेरीज तुम्ही ठेवा. घरी फ्रिजवर एक कागद पुरतो.

कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला दुखत असेल, तर या वयात ते बहुतेकदा स्नायूचं दुखणं नसतं. तिथे हाड वाढवणारी कूर्चा अजून मऊ असते आणि वारंवारच्या ताणाने तीच सुजते. बाम चोळून, शेकून दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नका. फेकणं बंद करा आणि लहान मुलांची हाडं बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट सूचनांत या वयाच्या मुलांनी वर्षातले चार महिने सामन्यात पिचिंग करू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या कॅलिफोर्नियात बाराही महिने ऊन असतं, त्यामुळे ही सुट्टी आपोआप मिळत नाही, ती द्यावी लागते.

बेसवर

मेजर्समध्ये चेंडू बॅटरपर्यंत पोचेस्तोवर धावपटूने बेस सोडायचा नाही असा नियम होता. आता तो नाही. लीड घ्यायची, म्हणजे आधीच बेसपासून थोडं पुढे जाऊन उभं राहायचं, पिचर कधीही वळून पहिल्या बेसवर फेकणार, आणि पिचरने चुकीची हालचाल केली तर बॉक, म्हणजे नियमभंग. हा जवळजवळ नवा खेळ आहे आणि मुलांना त्यातच सगळ्यात जास्त गोंधळायला होतं.

मी शाळेत साताऱ्याला खो-खो खेळायचे आणि त्याचा इथे मला फार उपयोग झाला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली, खांद्यांची रेघ वळली, की त्याला मागे फिरता येत नाही. पळणारा तीच रेघ वाचतो. पिचरचंही असंच. होमकडे हालचाल सुरू केली की त्याला चेंडू टाकावाच लागतो, आणि ती हालचाल कुठून सुरू होते हे ओळखलं की धावपटू मोकळा. उजव्या हाताच्या पिचरच्या टाचा बघायला शिकवा. मागची, म्हणजे उजवी टाच आधी हलली तर तो तुमच्याकडे वळतोय. पुढची डावी टाच आधी उचलली तर तो होमकडे चाललाय. डावखुरा पिचर अवघड असतो, तो धावपटूकडे तोंड करूनच उभा असतो. त्याचा उचललेला पाय रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला की मग त्याला पहिल्या बेसवर फेकता येत नाही. ते दिसेपर्यंत लीड लहान ठेवायची.

सुरुवातीला आठ-नऊ फूट लीड पुरे. एक पाऊल आणि एक सूर, एवढ्यात बेसला हात लागला पाहिजे. डोक्याच्या बाजूने सूर मारून पुढच्या बेसकडे जाणं मेजर्समध्ये बाद ठरायचं, इथे चालतं; तरी मी परत येतानाच करू देते, पुढे जाताना पायानेच घसरा म्हणते. बोटं मोडलेला मुलगा सहा आठवडे घरी बसतो. मग दुसरी लीड: पिचरने चेंडू सोडला की दोन उड्या पुढे, आणि चेंडू प्लेटवर पोचताना उजवा पाय टेकलेला. या दोन उड्यांनी मी जितक्या धावा मिळताना पाहिल्या आहेत तितक्या मोठ्या फटक्यांनी नाही.

उलट बाजूने बघा तर होमपासून दुसरा बेसही त्याच 127 फुटांवर आहे आणि तेरा वर्षांचा कॅचर तिथवर सरळ फेकू शकत नाही. पहिल्या महिन्यात सगळेच बेस चोरतात आणि धावफलक भयंकर दिसतो. कॅचरला दोष देऊ नका. त्यालाही एक टप्पा शिकवा, बेसच्या अलीकडे पाच-सहा फुटांवर पडणारा. खरा इलाज पिचरकडे आहे: चेंडू हातात धरून ठेवायचा वेळ दर वेळी बदला. एकदा लगेच टाका, एकदा तीन मोजा, एकदा धावपटू कंटाळून सरळ उभा राहीपर्यंत थांबा. यासाठी ताकद लागत नाही.

बॅट आणि आउटफील्ड

बॅटिंगबद्दल थोडक्यात. चेंडू पोचायला जास्त वेळ लागतो, म्हणून पहिले काही सामने मुलं लवकर बॅट फिरवतात आणि सगळं डावीकडे रेषेबाहेर (फाउल) जातं. आठवडाभरात ते सुधारतं. बॅट मात्र जपून घ्या. हायस्कूलला बीबीकोर या प्रमाणित शिक्क्याची, उणे तीनची (इंचांपेक्षा औंस तीनने कमी) बॅट लागते, म्हणजे 31 इंच लांबीला 28 औंस. गेल्या वर्षी उणे दहाची, 21 औंसांची बॅट फिरवणाऱ्या मुलाच्या हातात ती एकदम दिली तर त्याचा फटकाच मरतो. ज्युनियर गटात यूएसए बेसबॉलच्या शिक्क्याची हलकी बॅटही चालते. आधी उणे आठ, मग उणे पाच असं चढत जा. दुकानदार काही म्हणो, लीगचा नियम वाचूनच खरेदी करा. आणि बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकणं, शिकवा. 90 फुटांच्या मैदानावर तिसऱ्या बेसचा खेळाडू फार मागे उभा असतो.

छोट्या मैदानावर जो मुलगा कच्चा, त्याला राइट फील्डला पाठवायची पद्धत असते. मोठ्या मैदानावर हा सगळ्यात महागडा निर्णय ठरतो. तिथे आता एवढी जागा आहे की चेंडू सुटला तर कुंपणापर्यंत जातो आणि फलंदाज तिसऱ्या बेसवर पोचतो. तुमच्या संघातला सगळ्यात चपळ मुलगा सेंटर फील्डला हवा. इनफील्डमधून तिकडे गेलेल्या मुलाला घरी शिक्षा झाल्यासारखं वाटू देऊ नका. कोचने त्याच्यावर सगळ्यात मोठं मैदान सोपवलंय हे आईबापांकडून ऐकलेलं त्याला जास्त पटतं.

घरी

या वयात एका संघात पाच फुटांच्या आतला आणि पावणेसहा फुटांचा, असे दोघे एकाच बाकावर बसतात. लिटल लीगमध्ये वय 31 ऑगस्टला मोजतात, म्हणून ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा आपल्या गटात सगळ्यात लहान आणि सप्टेंबरचा सगळ्यात मोठा असतो. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. दुसऱ्या कुणाच्या मुलाशी तुलना करण्याआधी दोघांचे वाढदिवस विचारा. एकदम उंच झालेलं मूल काही महिने वेंधळं धावतं, स्वतःच्याच पायात अडखळतं, गुडघ्याखाली आणि टाचेत दुखतं म्हणतं. अशा वेळी धावणं कमी करा आणि झोप वाढवा.

सामन्यानंतर गाडीत फेकीबद्दल बोलू नका. त्याला किती अंतर कमी पडलं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तो स्वतः बोलला तर पाय कुठे होते एवढंच विचारा.

फॉलनंतरही मूल 90 वर घाबरत असेल, तिसऱ्या बेसपासूनची फेक दोन टप्प्यांत पोचत असेल आणि तुमच्या लीगमध्ये 70 फुटांचा गट असेल, तर लीग-वय 13 असलं तरी त्याला तिथे खेळता येतं. नावनोंदणीच्या अर्जात बहुतेक ठिकाणी हा पर्याय आपोआप दिसत नाही, नोंदणी बघणाऱ्या स्वयंसेवकाला ईमेल करून विचारावं लागतं. आमच्याकडे नोंदणी हिवाळ्यात होते आणि जानेवारीत चाचणीचा दिवस असतो. त्याच्या आधी विचारा, कारण संघ एकदा वाटले गेले की गट बदलणं फार अवघड जातं.